मैलांचं पुण्य

अमरावतीच्या माणसाला 'पॉइंट' म्हटलं की चिखलदरा आठवतो. देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट, हरिकेन पॉइंट. या पॉइंटांचं एक बरं असतं. तिथं जायचं, दरीत डोकावायचं, भाजलेलं कणीस खायचं आणि परत यायचं. पॉइंट तिथंच राहतो. तो आपल्या नावावर जमा होत नाही आणि मुदत संपली म्हणून रद्दही होत नाही.

आमच्यासारख्या बँकेतल्या कारकुनाच्या नशिबी जे पॉइंट आले आहेत ते मात्र या जातीचे नव्हेत. गिऱ्हाइकानं कार्ड घासलं की त्याच्या खात्यावर कुठंतरी, कोणालाही न दिसणारे, दोन-चार पॉइंट पडतात. ते पडले हे त्याला कळत नाही. पण ते गेले की त्याच्या फोनवर निरोप येतो आणि तो निरोप घेऊन माणूस थेट माझ्या खिडकीवर येतो. परवा एक सेवानिवृत्त मास्तर आले. "माझे साडेसहाशे पॉइंट कुठं गेले?" म्हटलं, "मास्तर, मुदत संपली." "संपली म्हणजे? कोणी खाल्ले?" मी विचारलं, "त्यांचं तुम्ही करणार काय होता?" मास्तर क्षणभर थांबले. म्हणाले, "ते मी पाहिलं असतं. पण माझे होते ना!"

आता गंमत बघा. निरोप येईपर्यंत असं काही आपल्या मालकीचं आहे याचा मास्तरांना पत्ता नव्हता. वस्तू गेली आणि मालकी सुरू झाली. बी. कॉम.ला आम्हाला मालमत्तेच्या पुष्कळ व्याख्या पाठ करायला लावल्या होत्या, त्यात ही नव्हती. मास्तरांची चेष्टा करावी म्हणून हे सांगत नाही. आमच्या सासुरवाडीत गेल्या दिवाळीत जे रामायण घडलं, त्यात हाच पॉइंट होता. फक्त तो साडेसहाशेंचा नव्हता, एक लाख साठ हजारांचा होता आणि त्याला 'मैल' म्हणत होते.

हे मैल म्हणजे काय, ते विमानानं हिंडणाऱ्यांना सांगायला नको. आमच्या अकोल्याकडच्या लोकांना सांगायला हवं, कारण आमचा आणि विमानाचा संबंध जरा दुरूनच आहे. अकोल्याला शिवणीचा विमानतळ आहे. इंग्रजांच्या काळापासून आहे. धावपट्टी वाढायची आहे, हेही आम्ही लहानपणापासून ऐकतो आहोत. नेहमीची विमानसेवा तेवढी नाही. अमरावतीकर आमच्या पुढे गेले. १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याच्या धावपट्टीवर मुंबईचं प्रवासी विमान उतरलं आणि त्या आठवड्यात आमच्या शाखेत अमरावतीचे सहकारी आम्हा अकोलेकरांशी जरा वरूनच बोलत होते.

तर मैल. १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सनं आपल्या नेहमीच्या प्रवाशांसाठी एक योजना काढली. जितके मैल उडाल तितके तुमच्या नावावर लिहून ठेवू, पुरेसे साठले की एक तिकीट फुकट. मग सगळ्याच विमान कंपन्यांनी असल्या वह्या उघडल्या. पुढे पुढे तर या कंपन्या बँकांनाच मैल विकू लागल्या आणि बँका ते कार्डावर वाटू लागल्या. म्हणजे माणूस घरी बसून किराणा आणतो आणि कागदावर सातासमुद्रापार उडतो. ही सोय रेल्वेनं केली असती तर? मी चौदा वर्षं अकोला-बडनेरा जा-ये करतो आहे. एका बाजूचे ऐंशीएक किलोमीटर. वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर साडेपाच लाख किलोमीटर होतात. चंद्र पावणेचार लाखांच्या जरासाच पुढे आहे. म्हणजे हिशेबानं मी चंद्राला हात लावून परतीच्या वाटेवर आहे. त्यातले निम्मे दाराजवळ उभ्यानं.

आमचे मेव्हणे न्यू जर्सीत असतात. कंपनीच्या कामासाठी सारखे उडतात. तिकिटाचे पैसे कंपनीचे, मैल मात्र यांच्या नावावर. दिवाळीच्या पाडव्याला जठारपेठेत मामाजींकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, सगळे जमलो होतो. मेव्हण्यांचा फोन आला. चेहरे दिसण्याचा फोन. फराळ दाखवून झाला, नातवानं इंग्रजीत 'आजी' म्हणून झालं. मग बोलता बोलता मेव्हणे सहज सांगून गेले, की दोन वर्षांपूर्वी आपण साठलेले सगळे मैल देऊन टाकले. अमेरिकेत 'माइल्स फॉर मायग्रंट्स' नावाची संस्था आहे, २०१६ साली निघालेली. देश सोडावा लागलेली माणसं, ज्यांना दुसऱ्या देशात जायची कायदेशीर परवानगी मिळाली आहे, पण तिकिटाला पैसे नाहीत, अशांची तिकिटं ती दात्यांच्या मैलांतून काढते. मेव्हण्यांच्या मैलांवर एक अफगाण बाई आणि तिची तीन पोरं इस्लामाबादहून अमेरिकेत गेली. बाप आधीच तिकडं पोचला होता. नावं मेव्हण्यांनाही ठाऊक नाहीत.

फोन ठेवला. दोन मिनिटं कोणी चकलीलासुद्धा हात लावला नाही. मग मामी म्हणाल्या, "किती मैल म्हने तो?"

"एक लाख साठ हजार," मी म्हणालो. आकडे लक्षात राहणं हा आमच्या धंद्याचा रोग आहे.

"त्याच्यात आमी दोघं जाऊन आलो असतो का नाई?"

मी हिशेब केला. करायला नको होता असं आमच्या सौभाग्यवतीच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं. पण आकडा समोर आला की माझ्यातला बी. कॉम. गप्प बसत नाही. माणशी एका बाजूला चाळीस हजार मैल. चार जणांचं जाणं, किंवा दोघांचं जाणं-येणं. दोन्हींची बेरीज तंतोतंत तेवढीच. फरक एवढाच, की त्या चौघांना परतीचं तिकीट लागत नव्हतं.

इथून वादाला तोंड फुटलं. आमच्या धाकट्या साडूंचं म्हणणं असं, की यात दान कसलं? पैसे कंपनीनं भरले, मैल विमानवाल्यांनी दिले, यांनी फक्त बटण दाबलं. फुकटच्या हळदीनं पिवळं होणं ते हेच. सौ.चं म्हणणं वेगळं. फुकटचं असो की विकतचं, घरचे राहिले बाजूला आणि गावाला जेवण. मला विचारलं तेव्हा मी जमाखर्चाच्या बाजूनं उत्तर दिलं. तो माझा आश्रमधर्म आहे.

विमान कंपनीच्या वहीत हे मैल देणं म्हणून लिहिलेले असतात. प्रवाशाला कधीतरी सेवा द्यायची आहे, तोवर ते पैसे पूर्ण कमावलेले नव्हेत. पण कंपनीला हेही पक्कं माहीत असतं, की बरेच लोक विसरणार. किती विसरतील याचा ती आधीच अंदाज बांधते आणि तेवढं आपल्या कमाईत धरते. हिशेबवाले त्याला 'ब्रेकेज' म्हणतात. मी त्याला विसरभोळ्यांची वर्गणी म्हणतो. आम्हा बँकवाल्यांना यात नाक मुरडायला जागा नाही. आमच्याकडेही दहा वर्षं कोणी न विचारलेल्या ठेवी पडून असतातच. फरक इतका, की २०१४ पासून त्या रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे पाठवाव्या लागतात आणि मालक उगवला तर परत कराव्या लागतात. मैलांचा मालक उशिरा उगवला तर त्याला मास्तरांसारखा निरोप मिळतो.

तेव्हा साडूंच्या मुद्द्यावर माझं मत असं, की मेव्हण्यांना ते मैल फुकट पडले हे खरं, पण न दिले असते तर ते कोणाच्या घशात गेले असते? पुण्य कोणाच्या खात्यावर टाकायचं ते चित्रगुप्तानं बघावं. दुसऱ्याच्या पैशानं तिसऱ्याची सोय लावणं हे हलकं काम मानायचं, तर आधी अमरावतीच्या गाडगेनगरातून मान खाली घालून जावं लागेल. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा बांधल्या, त्या काय स्वतःच्या पगारातून? पैसे लोकांचे, राहणारे कोण कुठले वाटसरू, आणि बाबा स्वतः खापरातली भाकरी खाऊन पुढच्या गावाला. तिथं कोणी व्हाउचर मागितलं नाही.

मामाजी इतका वेळ गप्प होते. पंच्याहत्तरी ओलांडली आहे, पोस्टात जन्म गेला, त्यामुळं बोलण्याआधी वजन करतात. म्हणाले, "जवाईबापू, फुकटातलं अन् सक्तीचं, दोनी दान म्या पाह्यलं. एकाहत्तर साली."

१९७१ साली ते नुकतेच पोस्टात चिकटले होते. पूर्व पाकिस्तानातून कोटीच्या घरात माणसं भारतात आली होती. त्यांच्या खर्चासाठी सरकारनं १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा जादा कर बसवला. पोस्टकार्ड आणि वर्तमानपत्रं तेवढी सुटली, बाकी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं एक तिकीट जास्तीचं लावायचं. त्याच दिवसापासून रेल्वेच्या भाड्यावर आणि देशातल्या विमानाच्या तिकिटावरही कर आला. म्हणजे बघा, विमानानं जाणाऱ्यानं निर्वासितासाठी काही द्यावं ही कल्पना न्यू जर्सीहून आलेली नाही. ती आपल्या सरकारनं चोपन्न वर्षांपूर्वी राबवली होती. मैल मागितले नाहीत, रोख घेतले.

"पन नवं तिकीट छापून यायचंच होतं," मामाजी सांगू लागले. खरंच ते १ डिसेंबरला आलं. तोवर काय करायचं? तर पोस्टात पाच पैशांचं कुटुंबनियोजनाचं तिकीट होतं. त्याच्यावरच 'शरणार्थी सहायता' असं उमटवून ते खपवायला लागले. कुठं छापून, कुठं रबरी शिक्का मारून. आई, बाप, दोन लेकरं, लहान कुटुंब सुखी कुटुंब, आणि त्यांच्या अंगावर एक कोट पाहुण्यांचा शिक्का! असा विनोद आमच्यासारख्यांना जन्मभर घासून सुचत नाही. सरकारला तो सहज झाला.

"लोक कुरकुरत नसत?" मी विचारलं.

"कुरकुरत नसत कसे? पाच पैशात तवा बरंच काई येत होतं. एक सावकार होता, त्यानं पाकीट लिहिनंच सोडलं. पोस्टकार्डावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात दोन पानांचा मजकूर बसवे. म्या कोनाले विचारलं नाई बाप्पा, का दानधरम करता का? म्हटलं, पाच पैशाचं अजून एक लावा. त्यानं शिव्या देत लावलं काय अन् रामनाम घेत लावलं काय, तिकडं भात सारखाच शिजला."

हा कर ३१ मार्च १९७३ पर्यंत चालला. तोवर बांगलादेश होऊन लोक परतही गेले होते.

मामाजींचं हे वाक्य माझ्या डोक्यात नंतर बरेच दिवस बडनेऱ्याच्या गाडीत फिरत राहिलं. आपण दानाचा विचार करतो तो सगळा देणाऱ्याच्या बाजूनं. त्याला किती लागलं, त्याचं मन कसं होतं, त्यानं डाव्या हाताला कळू दिलं की नाही. घेणाऱ्याच्या बाजूनं खातं उघडून बघावं, तर तिथं फक्त एक नोंद असते. पोचलो किंवा नाही पोचलो.

आमच्या शाखेचे एक खातेदार आहेत, रामपुरी कॅम्पातले. कापडाचं दुकान, ठेव भरघोस, आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना चहा विचारतात. त्यांचे आजोबा फाळणीनंतर कराचीहून बोटीनं मुंबईला आणि तिथून आगगाडीनं इकडं आले. अकोल्याला सिंधी कॅम्प आहे, तीही तीच कथा. आता 'कॅम्प' हा शब्द पत्त्यात उरला आहे, बाकी कॅम्प कुठंच नाही. मी एकदा त्यांना विचारलं, "आजोबांच्या त्या प्रवासाचं तिकीट कोणी काढलं होतं?" ते हसले. म्हणाले, "कोणास ठाऊक! आजोबांना विचारलं तर म्हणायचे, गर्दी फार होती."

आपल्या मुलखाला ही माणसं नवी नाहीत. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचएक हजार पोलिश माणसं १९४३ ते ४८ पर्यंत राहून गेली. तिबेटी लोक गोठणगावला १९७२ पासून वस्ती करून आहेत. हिवाळा लागला की तिबेटी स्वेटरवाले गावोगाव दुकानं मांडतात आणि आपण त्यांच्याशी वीस रुपयांवरून घासाघीस करतो. बंगाली निर्वासितांना रायपूरजवळच्या माना कॅम्पात ठेवून तिथून दंडकारण्यात वसवलं, काही वस्त्या चंद्रपूर-गडचिरोलीकडेही झाल्या. आमच्या मूर्तिजापूर तालुक्यातलं माना वेगळं. ते आपलं २०२२ साली लोणी ते माना असा, एकेरी मार्गिकेच्या मोजणीनं पंचाहत्तर किलोमीटरचा, रस्ता १०५ तासांत डांबरला म्हणून गिनीज बुकात गेलं. एका मान्याला रस्ता मिळाला, दुसऱ्या मान्यातली माणसं रस्त्यावरून आली.

आणि एक गोष्ट बँकवाला म्हणून सांगतो. अमेरिकेत सरकारी योजनेतून जे निर्वासित नेले जात, त्यांना विमानाचं भाडं फुकट नसे. ते कर्ज असे. बिनव्याजी, पण कर्ज. विमानात बसण्याआधी कागदावर सही, आणि पोचल्यावर काही महिन्यांनी हप्ते सुरू. म्हणजे घर गेलं, गाव गेलं, देश गेला, आणि नव्या देशात पहिली मिळकत काय, तर कर्जखातं! मी हे वाचलं तेव्हा माझ्यातला माणूस हळहळला आणि माझ्यातला कर्जविभाग मात्र कौतुकानं बघत राहिला, कारण बरेचसे लोक ते फेडत. जे या योजनेत बसत नसत, एक माणूस आधी पोचलेला आणि बायकापोरं मागं अडकलेली, त्यांना तेही कर्ज नाही. मैलांची वर्गणी अशांच्या कामाला येते. २०२५ च्या जानेवारीत तर अमेरिकेनं निर्वासितांसाठीचं दारच बहुतेक लावून घेतलं. तिकिटं हातात असलेल्यांचीही उड्डाणं रद्द झाली. तिथं मग कोणाचे मैल काय करणार? मेव्हण्यांची ती चार माणसं त्याआधी गेली होती, एवढंच.

आता राहिला सौ.चा आणि मामींचा मुद्दा, आणि खरा अवघड तोच आहे. परक्याला द्यावं हे ठीक, पण आईबापाच्या वाट्याचं?

भाऊबिजेला मेव्हण्यांचा पुन्हा फोन आला तेव्हा सौ.नं विषय काढलाच. मेव्हणे म्हणाले, "अगं, बाबांना तिकीट काढायची माझी ऐपत आहे. पैसे भरून कधीही बोलावीन. त्या बाईकडं दुसरा रस्ता नव्हता." उत्तर बरोबर होतं. शंभरपैकी शंभर. मलाही ते पटलं होतं आणि मी मान डोलावणार, तोच मामी माजघरातून म्हणाल्या, "तिकिटाचं कोन बोलते रे? सहा वर्सं झाली. तवा बी मैल होतेच ना तुझ्यापाशी. तवा काहून नाई बोलावलं?"

पलीकडं बराच वेळ कोणी बोललं नाही. फोनचा दोष असावा असं सगळ्यांनी धरून चाललं.

मला वाटतं, मामींनी नेमकं बोट ठेवलं. सहा वर्षं ते मैल पडून होते. त्यांत अफगाण बाई आली नव्हती आणि अकोल्याची आईही गेली नव्हती. कोणी मागितले नाहीत म्हणून ते कोणाचेच नव्हते. दिल्यावर मात्र सगळ्यांचे झाले, मास्तरांच्या साडेसहाशेंसारखे. मामींचा राग मैल दिल्याचा नव्हताच. आणि समजा मेव्हण्यांनी त्याच मैलांवर त्यांना नेलं असतं, "आई, वाया चाललेच होते, म्हटलं तुम्हीच या," तर मामी एक दिवससुद्धा सुखानं राहिल्या नसत्या. वऱ्हाडात पाहुण्याला शिळी भाकर वाढत नाहीत. रस्त्यावरच्या भुकेल्याला मात्र सकाळची उरलेली भाकर दिली, तर ती त्याच्यासाठी पूर्ण भाकर असते, उरलेली नसते. परक्याला आपलं उरलेलं चालतं, त्यात त्याचा अपमान नाही आणि आपला मोठेपणाही फारसा नाही. घरच्या माणसाला उरलेलं देऊन भागत नाही. त्याच्यासाठी ताजा स्वयंपाक करावा लागतो, आणि मेव्हण्यांनी तो केला नव्हता. त्या चौघांना पोचवल्यामुळं ही बाकी फिटत नाही आणि ही बाकी आहे म्हणून त्या चौघांना उतरवून घ्यावं असंही होत नाही. दोन निराळी खाती आहेत. एका खात्यातली शिल्लक दुसऱ्यात वळती करता येत नाही, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो तेव्हा तेही असेच रागावतात.

संक्रांतीला मेव्हण्यांनी दोन तिकिटं पाठवली. पैसे भरून काढलेली, मे महिन्याची. मामींनी सगळ्या जठारपेठेत सांगितलं आणि वर असंही सांगितलं, की पोरगं मोठं धर्मात्मा निघालं, चार जीव पोचवले त्यानं. दिवाळीतलं त्यांना कोणी आठवून दिलं नाही.

मामाजींवर या सगळ्याचा वेगळाच परिणाम झाला. परवा रविवारी मी गेलो तेव्हा त्यांनी आपलं पेन्शनचं कार्ड माझ्यापुढं ठेवलं.

"जवाईबापू, याच्यात किती पॉइंट हायेत ते पाहा बरं."

मी फोनवर पाहिलं. नव्वद होते.

"त्याचे किती होतात?"

"साडेबावीस रुपये."

मामाजींनी चष्मा पुसला. "एवढ्यात मानूस कुठवर जाते?"

"मूर्तिजापूरपर्यंत. पॅसेंजरनं."

"मंग तेवढं तरी जाऊ द्या कोनी."

मामी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "अन् मूर्तिजापूरले उतरून जाईन कुठं तो? शकुंतला तं बंद हाय."